तिकीट कोणाला विचारून दिलं?

30 डिसेंबर 2025, महापालिका निवडणुकीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. त्या मंगळवारी दुपारी तीनपर्यंत आपल्या शहरांत जे चाललं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. पुण्यात पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी, नाशिकमध्ये तशाच फॉर्मसाठी गाडीचा पाठलाग, छत्रपती संभाजीनगरात पक्षाच्या कार्यालयात तिकीट नाकारलेल्या बायाबापड्यांचा आक्रोश. लोक व्हिडिओ बघून हसले. मला संताप आला. ए फॉर्मवर असतो पक्षानं अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीचा नमुना. बी फॉर्मवर त्याच माणसानं भरलेलं उमेदवाराचं नाव. या दोन कागदांत प्रभागातल्या मतदाराला कुठंही जागा नाही. एकाची सही होते आणि हजारो लोकांपुढचा पर्याय ठरून जातो.

जागावाटप लांबलं, वरून निरोप आला, तिकीट उशिरा देण्याच्या या सबबी मी सोडून देतो. त्या देणाऱ्यांनाही त्या खऱ्या वाटत नाहीत. पण ‘इलेक्टिव्ह मेरिट’ नावाची जी सबब आहे, ती मात्र नेते छातीठोकपणे सांगतात आणि पत्रकार मान डोलावत लिहून घेतात. निष्ठावंताला का डावललं? इलेक्टिव्ह मेरिट नव्हतं. आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्याला का घेतलं? इलेक्टिव्ह मेरिट होतं.

हे मेरिट मोजलं कशावर? मुंबई, पुणे, नाशिक, या तिन्ही शहरांत महापालिकेची याआधीची निवडणूक 2017 मध्ये झाली. 2022 पासून तिथं प्रशासक बसले होते. मधल्या काळात प्रभागांच्या हद्दी बदलल्या, वस्त्या वाढल्या, माणसं आली-गेली. नगरसेवक म्हणून कोण चालतो आणि कोण नाही, हे सांगणारी सार्वत्रिक निवडणूक या शहरांत जवळपास नऊ वर्षांत झालेली नव्हती. मग सर्व्हे केला म्हणतात. कोणत्या गल्लीत केला, कोणाला विचारलं, आकडे कुठे आहेत? तो कागद प्रभागातल्या कोणालाही दाखवला जात नाही. नोव्हेंबरात आरक्षणाची सोडत निघाली. जागा महिलेसाठी गेली, तसं नवऱ्याचं मेरिट त्याच संध्याकाळी बायकोकडे आलं आणि चौकातल्या फ्लेक्सवरचा फोटो बदलला. तुंबलेल्या ड्रेनेजची तक्रार घेऊन वर्षानुवर्षं वॉर्ड ऑफिसचे जिने चढणारी, टँकर आला की रांग लावून देणारी, रेशनकार्डाचे फॉर्म भरून देणारी कार्यकर्ती प्रत्येक वस्तीत असते. सगळी वस्ती तिला नावानं ओळखते, पण तिच्याकडे मेरिट नसतं. कारण तिच्याकडे पैसा नाही, आणि मेरिट या शब्दाआड पैसाच मोजला जातो. हे उघड बोलायची हिंमत नाही म्हणून इंग्रजीचा आडोसा.

निवडून येण्याची क्षमता म्हणजे लोकांची पसंतीच ना? मग ती लोकांना विचारा. बंद खोलीत बसून लोकांच्या मनाचा अंदाज कशाला बांधायचा, लोक तर बाहेर उभे आहेत.

विचारण्याची रीत जगात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत स्थानिक निवडणूक पक्षाच्या नावाविना होते. पहिल्या फेरीत सगळे इच्छुक एकाच मतपत्रिकेवर, त्यातून पुढे गेलेल्या दोघांत दुसरी फेरी. शिकागोत महापौर 1999 पासून असाच निवडतात. पहिल्याच फेरीत कोणी निम्म्याच्या वर गेलं तर दुसरी फेरी लागत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत तिथं विद्यमान महापौर लोरी लाइटफूट पहिल्या फेरीत तिसऱ्या आल्या आणि स्पर्धेतून बाद झाल्या. त्यांचं तिकीट कापलं ते शहरानं, आणि ते उघड्यावर, मतमोजणी करून. आपल्या महापालिकांतही अशी पहिली फेरी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही रीत सगळ्या दुखण्यांवर औषध नाही. बॉस्टनमध्ये 2025 च्या सप्टेंबरात पहिल्या फेरीत दुसऱ्या आलेल्या उमेदवारानं माघार घेतली आणि नोव्हेंबरात महापौर मिशेल वू यांच्यासमोर मतपत्रिकेवर कोणी उरलंच नाही. न्यूयॉर्कमध्ये तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांनी 2003 मध्ये पक्षाविना निवडणुकीचा प्रस्ताव मांडला, तर सुमारे सत्तर टक्के मतदारांनी तो फेटाळला. पक्षाचं नाव काढलं की उमेदवाराबद्दलची एक मोठी खूण पुसली जाते आणि पैसेवाल्याचं फावतं, हा विरोधकांचा मुद्दा होता. तो पोकळ नाही. आपल्या ग्रामपंचायतीत पक्षचिन्ह नसतं, तरी कोणतं पॅनेल कोणाचं हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष एकाच सरपंचावर हक्क सांगतात. आणि पॅनेलचा आधार नसेल तिथं मत आडनावावर जातं, हेही आपण पाहिलं आहे.

म्हणून चिन्ह ठेवायचं असेल तर ठेवा, पण पहिली फेरी घ्या. पक्षांना तेवढंही सोसणार नसेल तर निदान प्रभागातल्या आपल्याच सभासदांचं मत घ्या आणि अर्जाची मुदत सुरू होण्याच्या महिनाभर आधी नावं जाहीर करा. काँग्रेसनं 2014 च्या लोकसभेआधी मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांकडून उमेदवार निवडून पाहिले होते. ते तिथंच थांबलं. आज एकाही पक्षाला ते पुढे न्यावंसं वाटत नाही, यात सगळे सारखेच दोषी आहेत.

या वेळची परिस्थिती अशी होती की 3 जानेवारी 2026 ला चिन्हं मिळाली आणि 15 ला मतदान होतं. पुण्यात बहुतेक प्रभागांत एका मतदाराला चार बटणं दाबायची होती. बारा दिवसांत चार जागांवरचे सगळे उमेदवार कोणी आणि कसे जोखायचे होते? अनेक ठिकाणी तर जोखायलाही कोणी उरलं नाही. कल्याण-डोंबिवलीत, जळगावात माघारीच्या मुदतीनंतर जागाच्या जागा बिनविरोध झाल्या आणि गुलाल उधळला गेला. एकही मत न पडता मिळालेल्या जागेचा कसला आलाय गुलाल?

राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये एक चांगला आदेश काढला होता. स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. पक्षांनी लादलेल्या नावांना नकार देण्याचं एवढं एकच साधन मतदाराच्या हाती आहे, आणि बिनविरोध जागेत मतदानच होत नसल्यामुळे तेही काढून घेतलं जातं. एकच उमेदवार उरला तरी मतदान घ्या, यंत्रावर त्याचं नाव आणि खाली नोटा ठेवा. मेरिट आहे म्हणता ना, तर नोटाला हरवून दाखवा.