चेहरा नसलेला दगड

आपल्या चर्चमधील कोणत्याही पुतळ्यासमोर उभ्या राहिलेल्या भाविकाला ‘हे कोण?’ असा प्रश्न सहसा पडत नाही. हातात किल्ल्या असतील तर संत पेत्र, लिलीची फुले असतील तर संत योसेफ, तबकात दोन डोळे असतील तर संत लुसी. ही ओळख आपल्याला आजीचे बोट धरून चालण्याच्या वयातच झालेली असते. पुतळा आपले नाव सांगतो, आपण हात जोडतो. ही सोय मोलाची आहे; तिला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिच्यामुळे दृष्टीला एक आळसही जडतो. जे आपले नाव सांगत नाही, त्याच्यासमोर थांबण्यास आपण नाखूष असतो. आणि हा आळस केवळ कलेपुरता राहत असेल असे आम्हाला वाटत नाही.

काही काळापूर्वी मुंबईत आधुनिक अमूर्त शिल्पे पाहण्याचा योग आला. सोबत बोदवडकडील एक वयोवृद्ध पाथरवट होते. पाटे, वरवंटे, उंबरे आणि कबरींच्या शिळा घडविण्यात त्यांचा जन्म गेला. तेथे पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांचे काम पाहिले. आधी जाहिरातीच्या व्यवसायात असलेल्या या बाई १९५१ च्या सुमारास शिल्पकलेकडे वळल्या आणि लाकूड, शिसे, लोखंड, भंगारातील तुकडे अशा नाना वस्तूंना त्यांनी आकार दिला. आम्ही, सेमिनरीच्या शिस्तीप्रमाणे, प्रथम पाटी वाचावयास गेलो. तिच्यातून फारसे काही हाती लागले नाही. पाथरवटबाबा मात्र शिल्पाभोवती संथपणे फिरत होते. “फादर, एका जागी उभं राहून काय दिसणार? फिरून बघा,” ते म्हणाले. मागल्या बाजूची एक कड त्यांना पुराने खचलेल्या नाल्याच्या दरडीसारखी वाटली. शिल्पकर्तीच्या मनात ते होते की नाही, हे विचारण्याची त्यांना गरज भासली नाही.

भूमीकडून आकार घ्यावयाचा, पण भूमीचे चित्र काढावयाचे नाही, ही गोष्ट इंग्लंडच्या बार्बरा हेपवर्थ (१९०३–१९७५) यांच्या कामात फार स्पष्ट दिसते. त्यांचे वडील यॉर्कशायरमध्ये रस्ते व पूल यांची देखरेख करणारे सरकारी अभियंता होते. त्यांच्या मोटारीतून हिंडताना या मुलीला टेकड्यांचे उंचवटे आणि दऱ्यांचे खोलगट भाग जणू हाताने चाचपता येतात असे वाटे. १९३९ मध्ये त्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आइव्ह्ज या गावी राहावयास गेल्या. तेथील उपसागर पाहून १९४६ मध्ये त्यांनी ‘पेलागोस’ घडविले : लाकडाचा आतून पोकळ, वळत गेलेला गोल आणि त्यात ताणून बांधलेल्या तारा. त्यात एकही लाट नाही. आहे तो समुद्र, वारा आणि टेकड्या पाहताना पाहणाऱ्याच्या देहात उठणारा ताण.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. वैशाखात बोदवडच्या शिवारात उभे राहावे. उत्तरेला सातपुड्याची रेघ झळांमध्ये थरथरत असते, कपाशीची काळी राने भेगाळलेली असतात, कोरड्या नाल्यात पाण्याने घासलेले गोटे पडलेले असतात. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. तेथील कातळात लेणी कोरणाऱ्यांनी डोंगरावर काही रचले नाही, फक्त त्यातून काढून घेतले. पोकळी हाही आकार असतो, हे खानदेशाच्या या उंबरठ्यावर लोकांना हेपवर्थबाईंच्या कितीतरी शतके आधी ठाऊक होते.

आणि पवित्र शास्त्र काय सांगते? बेथेल येथे उशाला घेतलेला धोंडा याकोबाने पहाटे उभा केला व त्यावर तेल ओतले. त्या धोंड्याला नाक-डोळे नव्हते. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड आणवून रचले, ते मुलांनी ‘हे काय?’ असे विचारावे म्हणून. निर्गमाच्या पुस्तकात तर वेदीच्या दगडांना हत्यार लावण्यासही मनाई आहे. आजही दगडी वेदीच्या अभिषेकात तिच्यावर पवित्र तेल ओततात, आणि मिस्साच्या आरंभी धर्मगुरू ज्या वेदीचे चुंबन घेतो तिला चेहरा नसतो. चर्चमधील सर्वांत पूज्य दगड हा असा अमूर्तच आहे. पुतळ्यांकडे पाहण्याच्या नादात तेवढे आपल्या लक्षात येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्टच म्हटले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही.

तथापि एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाही. दुःखाला चेहरा हवा असतो.

हेपवर्थ यांचा थोरला मुलगा पॉल हा ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. फेब्रुवारी १९५३ मध्ये थायलंडमध्ये विमान कोसळून तो गेला. आयुष्य अमूर्त आकारांना वाहिलेल्या या आईने पुढल्या वर्षी गावच्या चर्चसाठी दगडात माता व बालक कोरले, आणि त्या दोघांना चेहरे दिले. पुढे सप्टेंबर १९६१ मध्ये त्यांचे स्नेही, संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड, हेही आफ्रिकेत विमान अपघातातच मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ बाईंनी घडविलेले ‘सिंगल फॉर्म’ १९६४ पासून न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या आवारात उभे आहे : सुमारे ६.४ मीटर उंचीची कांस्याची एक पाती, वरच्या भागात आरपार गोल छिद्र. त्यात चेहरा नाही.

मित्रासाठी छिद्र आणि मुलासाठी चेहरा! यावरून कोणी म्हणेल की खरे दुःख आले तेव्हा अमूर्त कला हरली. आम्हाला ते पटत नाही. हॅमरशोल्ड यांनी राष्ट्रसंघातील ध्यानकक्षाच्या मध्यभागी लोहखनिजाचा एक प्रचंड ठोकळा स्वतःच ठेवविला होता. सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म नसलेल्या माणसांनी त्यासमोर गप्प बसावे म्हणून. अशा मनुष्याला त्याच्याच भाषेत निरोप देणे उचित होते. पोटच्या मुलाची गोष्ट निराळी. आईने त्याचा चेहरा पुसून टाकावा, अशी मागणी कोणत्याही कलेने करू नये. आपल्या प्रभूचे शरीरही पवित्र मरियेच्या मांडीवर ठेवलेले आपण पाहतो ते चेहऱ्यासह.

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबातील तरुण मुलगा महामार्गावरील अपघातात गेला. बापाने कबरीसाठी स्वतःच्या बांधावरचा काळा धोंडा निवडला. मुलगा लहानपणी त्यावर बसत असे. आईला संगमरवर हवा होता, आणि त्यावर मुलाचा फोटो. दोघांनीही निर्णय आमच्यावर सोपविला. आम्ही तो दिला नाही. दोघांचेही मागणे खरे होते. हेपवर्थबाईंच्या दोन स्मारकांची हकिगत तेवढी सांगितली. बाप काही बोलला नाही. आईने विचारले, “त्या बाईचा तो एकच मुलगा होता का?” नाही, असे आम्ही सांगितले.

अखेर धोंडाच बसविला गेला. वर नमूद केलेल्या पाथरवटबाबांनी त्यावर नाव व क्रूस कोरला, बाकी दगडाला टाकी लावली नाही. फक्त आईच्या सांगण्यावरून एका अंगाला हातभर उंचीवर एक उथळ खोबण काढली व तिच्यात फोटो बसविला. खानदेशातील ऊन आपल्याला माहीत आहे. दोन उन्हाळ्यांत फोटो इतका फिका पडला की आता चेहरा ओळखू येत नाही. आई दर रविवारी येते आणि खोबणीवर तळहात ठेवून उभी राहते. नवा फोटो तिने अद्याप आणलेला नाही, आणि आम्हीही तो विषय काढलेला नाही.