वीस हा वीसच होता

गेल्या पावसाळ्यात भोरमध्ये शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसण्याचा योग आला. फलकावर रंगीत अक्षरांत 'हसतखेळत गणित' लिहिलेलं. शेजारी एक दात काढणारा आठ आणि एक डोळा मारणारा पाच. व्याख्याते म्हणाले, "गणित हा मुळातच रुक्ष विषय. त्याला विनोदाची फोडणी द्या. पहिली पाच मिनिटं मुलांना हसवा, मग धडा घ्या." नमुन्यादाखल त्यांनी नवरा-बायकोचा एक विनोद सांगितला आणि सतराचा पाढा सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर म्हणून दाखवला. सभागृह हसलं. मीही हसलो. चहाला उठलो तेव्हा शेजारच्या शिक्षकांना विचारलं, "सर, सतरा सत्ते?" ते क्षणभर थांबले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "चाल आठवतेय."

माझी तक्रार हसण्याबद्दल नाही, फोडणीबद्दल आहे. वरून फोडणी देणाऱ्याने आमटी बेचव आहे हे आधीच कबूल केलेलं असतं. मुलं अशी कबुली लगेच ओळखतात. पाच मिनिटं हसवून मास्तर "चला, आता पुस्तक काढा" म्हणाले, की गंमत संपली आणि गणित सुरू झालं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे ज्या भीतीवर उपाय करायचा, तीच आपण वेळापत्रकात पक्की करून ठेवतो.

गणित आणि हसणं यांची सोयरीक जुनी आहे. तिची वंशावळ वाचकांना पाठ आहे, म्हणून मी तिच्यातून धावतच जातो. पिंगलापासून छंदाचा अभ्यास करणारे लोक लघु-गुरूंच्या रचना किती होतात हे मोजत आले. काव्य कुठे संपतं आणि गणित कुठे सुरू होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांची 'लीलावती' आली. थांबायचं ते इथे, कारण फोडणीवाल्यांचा सगळ्यात लाडका दाखला हाच आहे. दुःखी मुलीचं मन रमावं म्हणून बापाने गणितात भुंगे, हंस आणि मोर घातले, असं आपण सांगतो. घटिकापात्रात मोती पडला, मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, ही ती गोष्ट. ती येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. भास्कराचार्यांनी स्वतः ती सांगितलेली नाही. तरी आपल्याला ती इतकी प्रिय का? तिच्यात फोडणीचा सिद्धान्त आहे म्हणून: गणित कडू, गोष्ट गोड, गोडाबरोबर कडू घशाखाली जातं.

प्रत्यक्ष ग्रंथात काय आहे? शेवटाकडे, अंकपाशाच्या प्रकरणात भास्कराचार्य विचारतात: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आहेत, ती एकमेकांत बदलली तर मूर्तीचे प्रकार किती होतील? आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख यांची अदलाबदल केली तर किती? विष्णूचं उत्तर २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, ती याच चोवीस मूर्तींची. मूर्तिकाराने शंख-चक्राची जागा बदलली की देवाचं नाव बदलतं. इथवर सगळं घरातलं, ओळखीचं. आता शंकराचं उत्तर बघा: ३६,२८,८००. चोवीसला मान डोलावणारा वाचक छत्तीस लाखांवर येऊन अडखळतो. एवढ्या मूर्ती घडवायच्या तर पाथरवटांच्या किती पिढ्या लागतील! हसू येतं ते इथे. ते वरून घातलेलं नाही. चाराचे दहा केले की काय होतं, याचंच ते हसू आहे. शंकर काढून टाका, आयुधं काढून टाका, हसूही जाईल आणि प्रश्नही जाईल.

माझी कसोटी एवढीच. विनोद काढून घेतल्यावर गणित जसंच्या तसं उरत असेल, तर ती फोडणी. विनोदाबरोबर गणितही निघून जात असेल, तर तोच खरा पाठ.

पंतोजींच्या शाळेवरून मी झपाट्याने पुढे जातो. तिथली छडी खरी होती, बहुतेक जातींना आणि मुलींना बंद असलेलं दारही खरं होतं. त्या शाळेचे गोडवे गाण्यात मला रस नाही. एवढंच नोंदवतो की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं तालात म्हणताना अपूर्णांक आधी कानाला कळत असे. १८२० च्या दशकात इंग्रज अधिकारी जर्विस यांच्या पुढाकाराने मराठीत गणिताची छापील पुस्तकं आली आणि गणित हळूहळू कानाकडून डोळ्याकडे गेलं. ताराबाई मोडकांनी बालशिक्षणात खेळ आणला, पु. लं.नी चितळे मास्तर अमर केले. हे सगळं ठाऊक आहे आणि त्याबद्दल वादही नाही.

कापरेकर मास्तरांबद्दल मात्र दोन शब्द हवेत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ४७१८ घेतला तर ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पुढे किती वेळा केलं तरी ६१७४ च. फार तर सात पायऱ्या लागतात. कुठल्याही गावाहून निघा, यष्टी मुक्कामाला त्याच स्टँडवर. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. आपण त्यांना 'छंदिष्ट' म्हणतो आणि बाजूला ठेवतो. त्यांनी एका संख्याकुळाला 'हर्षद' नाव दिलं, दुसऱ्याला डेमलो या रेल्वे स्टेशनचं. नाव ठेवणं ही त्यांची गंमत नव्हे, ती त्यांची पद्धत होती. नाव असलेली संख्या मुलाला हाक मारून बोलावता येते.

आता मी ज्या वळणासाठी हा लेख लिहायला बसलो, तिथे येतो. साल फार मागचं नाही. २०१९ चा जून. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात एकवीसला 'वीस एक', बत्तीसला 'तीस दोन' असं वाचायला सुचवलेलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, 'गणितगप्पा'च्या लेखिका. महाराष्ट्र पेटला, आणि पेटला तो हसत हसत. फोनवर विनोदांचा पूर आला. विधानसभेत अजित पवारांनी विचारलं, आता फडणवीसांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का? सभागृह खळखळून हसलं, दुसऱ्या दिवशी वाचक हसले. मराठी माणसाने विनोदाच्या जोरावर आपली भाषा वाचवली, असा त्या प्रसंगाचा अर्थ तेव्हा लागला आणि आजही तोच लावला जातो.

मी तो विनोद त्या काळात निदान वीस वेळा ऐकला. वीसही वेळा हसलो. मग एकदा कागदावर मांडून पाहिला आणि दचकलो. नव्या पुस्तकात वीस हा वीसच होता! बदल होता तो एकवीसपासून पुढे. 'वीस एक' म्हणायचं, तर आधी 'वीस' म्हणायला नको का? फडणवीसांचं आडनाव जुन्या पद्धतीत जेवढं सुखरूप होतं, तेवढंच नव्या पद्धतीतही होतं. सगळ्या राज्याला हसवणारा विनोद गणितात चुकीचा होता, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

अजित पवारांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. कोटी चपखल होती. सांगतोय ते आपल्याबद्दल. ज्या संख्यानावांसाठी आपण भांडलो, ती आपण ऐकणंच सोडून दिलेलं आहे. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर. हात मात्र २ आधी लिहितो आणि १ नंतर. जीभ एका टोकाने निघते, हात दुसऱ्या टोकाने. मोठ्यांना हे कधी जाणवत नाही. दुसरीतल्या मुलाला 'त्रेपन्न' लिहायला सांगा आणि त्याच्या पेन्सिलीकडे बघत राहा. अनेक मुलं डावीकडे जागा सोडून आधी ३ लिहितात, मग मागे येऊन ५ बसवतात. जागा सोडायची राहिली की ३५. अशा मुलाला आपण 'कच्चा' म्हणतो. खरं तर कानाने जे ऐकलं, तेच त्याने क्रमाने लिहिलेलं असतं.

नारळीकरांनी बोट ठेवलं ते इथेच. दक्षिणेतल्या भाषा दशक आधी म्हणतात. आणि गंमत अशी, की विटीदांडू खेळताना आपणही 'वकट, लेंड, मूंड, नाल' असं तेलुगूशी नातं सांगणारंच मोजत आलो. तेव्हा भाषा बुडाली नाही. तरी त्यांचं निदान मला पूर्ण पटतं आणि औषध अर्धंच पटतं. जुन्या नावांवर बंदी नव्हती, पण ती अडचण म्हणून बाजूला सारायची, असा एकूण सूर झाला. टीकाकारांनी ती वारसा म्हणून देव्हाऱ्यात ठेवली. दोन्ही बाजू एका गोष्टीत एकमताने चुकल्या. 'वीस एक' आणि 'एकवीस' ही दोन नावं शेजारी ठेवली, की त्यांच्या मधल्या फटीतच सगळा पाठ आहे आणि सगळं हसूही तिथेच आहे. तिकडे कुणी पाहिलं नाही.

कुणीच नाही, असं लिहिणार होतो. पण त्या प्रशिक्षणानंतर चारच दिवसांनी मी नसरापूरवरून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याकडे गेलो. त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण यष्टीत अजून 'एक वेल्हे द्या' असंच म्हणतात. भाताची लावणी नुकतीच उरकलेली, तोरणा ढगात. खोऱ्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत बाई हजेरी घेत होत्या. हजेरीपटात आडनाव आधी असतं. त्या मोठ्याने वाचत होत्या तेही आडनाव आधी, आणि मुलं खिदळत होती, कारण घरी कुणी असं हाक मारत नाही. हजेरी संपल्यावर बाईंनी फळ्यावर २१ लिहिलं आणि विचारलं, "हे हजेरीपटातलं नाव. याला घरात काय हाक मारतात?"

"एकवीस!"

"आडनाव काय?" "वीस." बावीस, तेवीस, चोवीस, सगळ्यांचं आडनाव वीस, सगळे एका वाड्यातले. पुढची-मागची मुलं आपणच सांगू लागली. मग बाईंनी २९ लिहिलं. "हा कुठल्या वाड्यात राहतो?" विसाच्या. "हाक काय मारतात?" एकोणतीस. "मग आडनाव?" वर्ग गप्प झाला. तीस? राहतो विसाच्या वाड्यात आणि आडनाव लावतो तिसाचं? मागच्या रांगेतून एक चौथीतला मुलगा ओरडला, "मंग त्यो घरजावई हाय!"

शाळा हसली, बाईही हसल्या. पण त्या थांबल्या नाहीत. "असे घरजावई अजून किती?" १९, ३९, ४९ अशी मुलांनी यादी केली. २९ धरून ८९ पर्यंत आठ भरले. मग एक मुलगी म्हणाली, नव्याण्णवचं काय? तो एकोणशंभर का नाही? नव्वदाच्या वाड्यात राहतो आणि आडनावही नव्वदाचंच लावतो. बाईंनी तोच प्रश्न वर्गाला परत विचारला. तो मघाचाच मुलगा पुन्हा उठला: "त्याचं लगीन ऱ्हायलंय अजून."

बाईंना मी नंतर विचारलं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? त्या म्हणाल्या, "कुठल्या नाही. एकदा एका पोराने एकोणतीसला ३९ लिहिलं. त्याला रागावणार होते, मग वाटलं, त्याचं काय चुकलं? तीस तर आपणच म्हणतोय."

आता या पाठाला माझी कसोटी लावून बघा. घरजावई काढून टाका. 'एकोण' म्हणजे एकाने उणे हेही त्याच्याबरोबर जातं. शब्दात लपलेली वजाबाकी जाते, आणि नियमाला अपवाद असतो व त्याचं कारण विचारता येतं, हेही जातं. इथे विनोद पाच मिनिटांचा पाहुणा नव्हता. आणि तो बाईंनी सांगितलाही नाही. बाईंनी फक्त संख्येचं नाव ऐकायला लावलं, विनोद पोरांनी केला.

छत्तीसचा आकडा आपण रोज बोलतो. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, ६३ मध्ये तोंडं समोरासमोर येतात. हे चित्र आहे, कोटी आहे, आणि अंकाची जागा बदलली की सगळं बदलतं हा स्थानमूल्याचा पहिला धडाही आहे. इंग्रजी अंकांत तो असा जमत नाही. किती वर्गांत हे फळ्यावर काढून दाखवलं जातं?

म्हणून प्रशिक्षणं घेणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी विनोदासाठी पहिली पाच मिनिटं राखू नका. नवरा-बायकोचे किस्से आणि उसनी चाल घरी ठेवा. ती पाच मिनिटं एकोणतीसला द्या.