मागणे आणि राबविणे

नऊ घरांत १ ते ९ आकडे असे मांडावयाचे, की उभी, आडवी, तिरपी बेरीज १५ यावी. वर्गात मी हे कोडे मुलांना घालतो. इराणचा तत्त्वज्ञ अल्-गझाली (मृत्यू ११११) आपल्या आत्मकथनात सांगतो, की बाळंतपणात अडलेल्या बाईच्या पायांखाली हेच आकडे लिहिलेले कापड ठेवीत. पुढे अल्-बूनीच्या नावावरील ‘शम्स अल्-मआरिफ’ या ग्रंथात ईश्वराच्या नामांचीही यंत्रे झाली. १३७७ मध्ये इब्न खल्दूनने असली विद्या निषिद्धांत गणली.

मला त्या बाईला दोष देववत नाही. जीव कासावीस झाला, की माणूस हात पसरणारच. पण नाम घेऊन देवालाच राबवू पाहणे निराळे. तेथे आपली इच्छा तपासणारा कोणी उरत नाही.