सहा जूनचं काय?

५ जूनला झाडं लावण्याची आपली घाई विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचित्रच वाटत असणार. रोहिणी सरत आलेली असते, मृग दोन-तीन दिवसांवर असतो, जमीन तापलेली आणि पावसाचा पत्ता नाही. अशा वेळी तो बी मातीत टाकत नाही, वाट बघतो. आपण मात्र त्याच दिवशी खड्डे खणतो, फीत कापतो, फोटो काढतो. १९७२ साली ५ जूनला स्टॉकहोममध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद सुरू झाली. पुढच्या वर्षापासून त्या तारखेला जागतिक पर्यावरण दिन पाळला जाऊ लागला. परिषदेची आठवण म्हणून तारीख ठीकच आहे, पण वृक्षारोपणाचा मुहूर्त म्हणून ती महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात चुकीची. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सवासाठी जुलै निवडला, त्यात निदान पावसाचा विचार तरी होता.

मुहूर्त बरोबर असला तरी रोपाची खरी कसोटी पुढच्या एप्रिल-मेमध्ये लागते. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी लागतं, आळं नीट करावं लागतं, शेळ्यांपासून राखायला काटेरी कुंपण लागतं. हे सगळं करणाऱ्या माणसाचा फोटो कोणी काढत नाही. राज्य सरकारने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी रोपं लावण्याचं लक्ष्य ठेवलं आणि २०१९ च्या पावसाळ्यासाठी लक्ष्य तेहतीस कोटींवर नेलं. लक्ष्य नेहमी लावलेल्या रोपांचं असतं, जगलेल्यांचं नसतं. पुढे सरकार बदललं आणि याच मोहिमेच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमली गेली. राजकारण वजा केलं तरी प्रश्न उरतोच: पहिल्या वर्षीची किती रोपं उभी आहेत हे मोजून मगच पुढचा आकडा का जाहीर केला नाही?

दिवस पाळायची आपली जुनी रीत याहून शहाणी होती, असं मला वाटतं. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि घरोघरी कोणी ना कोणी नेम धरतं. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी एक वेळच जेवतं. नेम छोटा असतो, त्याला मुदत असते, मोडला तर धरणाऱ्याला लगेच कळतं आणि शेवटी उद्यापन असतं. एकादशीचा दिवस फक्त सुरुवातीचा, पुढचे चार महिने खरे. पर्यावरणाच्या नावाने आपण नेमकं उलटं करतो. दिवस दणक्यात आणि नेम काहीच नाही.

अर्थात या रीतीचं गुणगान करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. हे नेम बहुतेक बायकांनी धरले आणि घरातल्या इतरांचे नेम सांभाळण्याचं कामही त्यांनीच केलं. म्हणून ‘रोजच्या जगण्यात छोटे बदल करा’ असा उपदेश ऐकला की मी आधी विचारतो, करायचं कोणी? ओला-सुका कचरा वेगळा करणं, भाजीच्या देठांचं खत करणं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणं ही कामं बहुतेक घरांत ज्या हातांवर पडतात, त्याच हातांना ८ मार्चला गुलाब दिला जातो. ५ जूनचा संकल्प ८ मार्चच्या विरोधात जाऊ नये, एवढं तरी घरात ठरवता येईल.

घरातून निघालेला कचरा पुढे आणखी एका बाईच्या हातात जातो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून तिने महापालिकेबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. तिच्या सभासदांत बहुसंख्य बायका आहेत. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच टाकले की ते यांना हाताने वेगळे करावे लागतात. हे थांबावं म्हणून संघटनेने वापरलेले पॅड उत्पादक कंपन्यांकडेच परत पाठवण्याची मोहीम काढली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत ते गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली, आणि ते नीट गुंडाळून देण्याची आपल्यावर. कागदात गुंडाळून ओळखू यावं म्हणून वर लाल ठिपका काढायला अर्धं मिनिट लागतं. कचरा उचलणाऱ्या बाईसाठी त्या अर्ध्या मिनिटाचं मोल कुठल्याही घोषवाक्याहून जास्त आहे.

सगळं घरावर ढकलून मात्र भागत नाही. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठरला. सुरुवातीला लोक कापडी पिशव्या घेऊन मंडईत जाऊ लागलेही. पण पातळ पिशव्या बनत राहिल्या, म्हणून मिळत राहिल्या, आणि काही काळाने भाजीवाल्यांच्या गाड्यांवर पुन्हा लटकू लागल्या. दंडाची भीती भाजीवालीला, कारखाना कुठे आहे ते कोणी विचारत नाही. माझी कापडी पिशवी मला पुरते, शहराला पुरत नाही.

एकेकट्याऐवजी सगळ्यांनी मिळून एखाद्या दिवसाचा उपयोग कसा करावा हे मला, विषय वेगळा असला तरी, हेरवाडने दाखवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहूंच्या निधनाला शंभर वर्षं होत होती, जिल्हाभर अभिवादनं चालली होती. त्याच सुमारास इथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. ‘स्त्रियांचा सन्मान करूया’ असली गुळगुळीत भाषा करून गाव थांबलं नाही. कुठल्या प्रसंगी कोणी काय करायचं नाही, ते नाव घेऊन सांगितलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही असंच करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून प्रथा एका रात्रीत जात नाही. पण अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडायला कोणी पुढे झालं, तर त्याला अडवणाऱ्याच्या हाताशी आता ठराव आहे.

असं नेमकं काही ठरवायला गावांकडे आयत्या तारखाही आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतातच. १ मेच्या सभेत, ऐन उन्हाळ्यात, गेल्या पावसाळ्यातली किती रोपं जिवंत आहेत हे वाचून दाखवायला सरपंचाला जीआरची वाट बघावी लागत नाही. शहरातल्या गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरीपर्यंत घ्यावीच लागते. तिथे पार्किंगवरून दोन-दोन तास भांडणं होतात. बिल्डरने बांधून दिलेला खतखड्डा बंद का पडलाय, हा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेत घालायला सचिवाकडे एक अर्ज पुरतो.