नारळ उभा राहिला

बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ऊस येतो. तो नीरा डाव्या कालव्याखालचा, आमचा नव्हे. आमचं लोणी भापकर त्याच तालुक्यात, पण जिरायती. ज्वारी, बाजरी, दावणीला चार जनावरं आणि बोअर. बोअर लागली तर बागायतदार, नाहीतर कर्जदार.

अण्णांच्या रानात पाणाड्या आला तेव्हा मी बांधावरच उभा होतो. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो अनवाणी फिरत होता. बाभळीपाशी आला आणि नारळ सावकाश उभा राहिला. मी स्वतः पाहिलं. अण्णांनी त्याच दिवशी बारामतीच्या भंगारवाल्याकडून सतरा लोखंडी पाइप आणून टाकले. चार इंची, वीस वीस फुटांचे. स्वस्तात मिळत होते, आणि बाभळीपासून वरच्या पट्टीपर्यंत पाणी न्यायचंच होतं. बोअरची गाडी चार दिवसांनी आली. साडेपाचशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. पाइप गोठ्यामागं पडले ते पडलेच. एकात मुंगसानं घर केलं.

पुढं चार वर्षांनी अण्णांचा बाळू आयटीआय करून वेल्डर झाला. दीड वर्ष एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेट आणि ग्रिल जोडत राहिला, आणि एक दिवस दुबईची बातमी घेऊन आला. पुण्यातला कुणी एजंट एक लाख ऐंशी हजारांत पाठवणार होता. तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याची खोली, सगळं त्यात. नोकरी? ती तिथं गेल्यावर. "वेल्डरला तिथं चार दिवसांत काम लागतं," असं एजंट म्हणाला होता. अण्णांनी गाभण कालवड आणि एक गाय काढायचं ठरवलं. वहिनींनी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली. नवी बॅगसुद्धा आली.

बॅगेत काय काय भरावं हे विचारायला तात्यांना चहाला बोलावलं होतं. तात्या मस्कतला चौदा वर्षं पाइप जोडून आलेले. त्यांनी बॅगेकडं पाहिलंच नाही. "कागद आण," म्हणाले.

बाळूनं मोबाइल पुढं केला. तात्यांनी चष्मा पुसला, पडदा बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ वाचत बसले.

"हा व्हिजिटचा आहे रे. दोन महिन्यांचा. पाहुण्याचा."

"तिथं गेल्यावर बदलून देतात, तात्या."

"कोण देतं?"

"कंपनी."

"कुठली?"

बाळू गप्प झाला. मग तात्याच बोलले. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे. अशा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून कमीत कमी एक लाख दिरहम दंड आहे. "म्हणजे नेकीची कंपनी तुला दारात उभं करणार नाही. जो करील तो पगार बुडवणार. आणि तू तक्रार कुठं करशील? तूच चोर."

अण्णा म्हणाले, "पण लोकं जातात की असं."

"जातात. काहींचं जमतंही. तुमच्या शेजारच्या बांधावर पाणी लागलंच होतं की, अण्णा."

ह्यावर कुणी काही बोललं नाही. वहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या.

तात्यांना मस्कतचा कागद मुंबईत मिळाला होता. एका शेडमध्ये टेस्ट झाली, कंपनीचा माणूस शेजारी उभा राहून जोड बघत होता. हुद्दा, पगार, खोली, जेवण, परतीचं तिकीट सगळं लिहून हातात आलं, तेव्हा कुठं त्यांनी घरी पत्र टाकलं. त्यातही दोन वेळा पगार थकला. "पण थकला म्हणायला कागद होता," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी एक विचित्र वाक्य टाकलं. "तू दहावी नापास असतास तर बरं झालं असतं."

त्याचा अर्थ मला घरी येऊन समजला. १९८३ च्या कायद्यानं दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्याचा करार कुणीतरी तपासतं, दहा लाखांचा विमा उतरवला जातो. दहावी झालेल्याला ही अट नाही. त्याला शहाणा धरलेलं आहे. बाळू पहिल्या वर्गात पास होता.

मात्र एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, उमेदवार शिकलेला असो की नसो. परवाना खरा की खोटा हे ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. सेवेचे पैसे तो तीस हजार आणि वर जीएसटी, ह्याहून जास्त घेऊ शकत नाही. हे तात्यांनी एक लाख ऐंशी हजारांच्या शेजारी मांडलं आणि बाळूला म्हणाले, "फोन लाव. नंबर माग."

बाळूनं स्पीकरवर लावला. पलीकडचा आवाज गोड होता. नंबर म्हटल्यावर म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू द्या भाऊ, माझ्याकडं रांग लागलीय." आणि उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली.

त्या रात्री अण्णांच्या घरात भांडण झालं. बाळू जेवला नाही. म्हणाला, तात्यांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. सकाळी मात्र कालवड दावणीलाच होती, आणि बाळू गोठ्यामागं पाइपांवर बसून होता.

तात्यांनी त्याला परवाना असलेल्या एका जागेचा पत्ता दिला. मुंबईची टेस्ट बाळू पहिल्या झटक्यात नापास झाला. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच वाकून, गुडघ्यावर येऊन, उताणं होऊन सगळ्या बाजूंनी जोडायचा. सिक्स-जी म्हणतात त्याला. ग्रिल जोडणाऱ्या हाताला ते कुठून येणार? खालच्या अंगाला रूट, म्हणजे जोडाचा आतला पहिला थर, बसलाच नव्हता.

परत आला तो थेट गोठ्यामागं गेला. मुंगसाला हुसकलं. उसना ग्राइंडर आणला, पाइप वीतभर लांबीचे कापले, कडा तिरक्या घासल्या, बाभळीच्या खोडाला लोखंडी पट्टी ठोकून त्यावर तुकडे तिरके बांधले. दिवसा शेडमधलं काम, रात्री हे. जोडायचं, कापायचं, आतून बॅटरी मारून बघायचं, पुन्हा जोडायचं. ज्या बाभळीपाशी नारळ उभा राहिला होता तिथं आता रात्री निळा उजेड पडतो, आणि कुत्री भुंकतात.

काल गेलो तर अण्णा बाजेवर बसून पाइप मोजत होते.

"सतरा होते," म्हणाले. "नऊ राहिले."

"बोलावणं आलं का पुन्हा?"

"सोमवारी. कंपनीचा माणूस येणाराय म्हणं, कुवेतचा." मग आवाज चढवून बाळूला म्हणाले, "बॅग काढायची का रं माळ्यावरनं?"

बाळूनं तोंडावरची काच वर केली. "राहू द्या," म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला.