गड देखणा आहे, मग?

दोस्तहो, प्रश्न साधा आहे. ज्या दगडाखाली आपल्यासारख्यांची पाठ मोडली, तो दगड देखणा आहे असं आपण म्हणायचं का? म्हटलं तर आपण फितूर ठरतो का? आणि नाही म्हटलं, तर मग डोळे कशाला दिलेत?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. मी जिनात राबणारा माणूस. कविता करतो ती रुईची धूळ अंगावरून धुतल्यावर. हंगाम संपून रेचे बंद पडले तेव्हा आम्ही चौघं जळगाव जामोदहून संग्रामपूर, तेल्हारा, अकोट करत नरनाळ्याला गेलो. आमच्या गावातून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. त्याच रांगेत पूर्वेकडं शहानूर गावाच्या डोक्यावर हा गड. मूळचा गोंडांचा म्हणतात. नाव पडलं ते नरनाळसिंह नावाच्या सोळंकी राजपुतावरून, असंही सांगतात. राजपूत गड पाहायला लोक पार राजस्थानात जातात. आमच्या वऱ्हाडात राजपुताच्या नावाचा गड उशाशी आहे आणि जिनातल्या कितीतरी पोरांनी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

चढून गेल्यावर महाकाली दरवाजा येतो. १४८७ च्या सुमाराचं काम. बहामनी सुलतान महमूदशहाचा अंमल आणि बांधवून घेणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क, ज्यानं पुढं १४९० मध्ये वऱ्हाडात स्वतःची इमादशाही थाटली. पांढरट दगड. कमानीच्या अंगाला कमळं. वर अरबी अक्षरांचे पट्टे, अशी वळणं की ओल्या पिठात कोणी बोट फिरवलंय. बाजूला पुढं आलेले सज्जे. मी मान वर करून उभा राहिलो. तोंडातून निघून गेलं, "काय काम केलं बावा!"

आमच्यातला एक दरवाजाकडं पाठ करून बसला. म्हणाला, "काम कोनाचं? हाडं आपले झिजले, नाव त्यायचं झालं. अन् तू वाहवा करून राह्यला!"

हा गडी उगाच बोलणारा नाही. जयंतीच्या वर्गणीपासून पोरांच्या अभ्यासिकेपर्यंत सगळं तोच ओढतो. त्याचं बोलणं मी त्या दिवशी गड उतरताना आणि नंतरही डोक्यात घोळवत राहिलो.

नरनाळ्याचे धनी किती झाले ते पाहा. फरिश्ता लिहितो की अहमदशहा बहामनीनं १४२५ नंतर हा गड दुरुस्त केला. दुरुस्त केला म्हणजे गड त्याच्या आधीच उभा होता. मग इमादशाही, मग अहमदनगरची निजामशाही, मग मोगल, मराठे, इंग्रज. अकबराच्या दप्तरात 'सरकार नरनाळा' आहे, आमचा मुलूख त्यातच मोडायचा. म्हणजे गडाच्या पोटात आमच्या काळ्या मातीचा साराही गेलेला आहे. आज एक म्हणतो गड राजपुतांचा, दुसरा म्हणतो गोंडांचा, तिसरा म्हणतो मुसलमानांचा. भांडण सगळं मालकीचं. पाथरवटाचा, बेलदाराचा, वेठीला धरून आणलेल्याचा गड, असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. ज्यांच्या कोरकू बांधवांनी हे जंगल पिढ्यान्‌पिढ्या तुडवलं, त्यांची काही गावं तर वाघांसाठी उठवून खाली अकोटच्या सपाटीवर आणून ठेवली. गडाला संरक्षण आणि माणसाला पुनर्वसन. असो, तो वेगळा लेख होईल.

जिनात १७० किलोची गाठ बांधली जाते. गाठीवर जिनाचं नाव येतं, नंबर येतो. बांधणाऱ्याचं नाव येत नाही. म्हणून मला दोस्ताचं म्हणणं पटकन कळतं.

पण याहून कडू गोष्ट पुढं आहे. जोधपूरचा मेहरानगड, राजपूत गडांतला नावाजलेला. राव जोधानं १४५९ मध्ये पाया घातला. त्या पायात राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला जिवंत पुरलं. मेघवाल म्हणजे तिकडचे आपलेच. गडावर त्याचं स्मारक आहे. कथा सांगते की तो आपल्या खुशीनं तयार झाला आणि राजानं त्याच्या घरच्यांना जमीन दिली. आपल्याकडं पुरंदरची कथा तशीच. शेंदऱ्या बुरूज ढासळत होता, तेव्हा बहिरनाक सोननाकानं आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई बुरुजात गाडायला दिली. तीही म्हणे दिली!

मला इथं अडायला होतं. या सगळ्या कथांत खुशी कशी काय असते? राजवाड्यातला कोणी खुशीनं पायात गेल्याची कथा का नाही? ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला खुशी म्हणायचं का? आम्हीही जादा पाळीच्या कागदावर अंगठे-सह्या करतो. वर छापलेलं असतं, 'मी स्वखुशीने'. सही केली नाही तर उद्या गेटवरूनच परत. संविधानाच्या २३ व्या कलमानं वेठबिगारीला बंदी केली, पण हा शब्द अजून जिवंत आहे. म्हणून माझं मत असं की पुरलेल्याच्या 'बलिदाना'चा जयजयकार करणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक चिरा ठेवणं. तो खून होता. स्मारकासमोर उभं राहून आधी हे बोलता आलं पाहिजे, कोरीवकामाचं नंतर.

मग पाठ करून बसायचं का? इथं मला बाबासाहेब आठवतात. १९३४ मध्ये ते तीसेक सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रस्त्याची धूळ तोंडावर बसलेली, म्हणून दारापाशी टाकीतल्या पाण्यानं हातपाय-तोंड धुतलं. तर एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी टाकी बाटवली. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत सोडलं ते पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे शिपाई मागं असतानाही ते आत गेले. ज्या किल्ल्याच्या पाण्याला आपल्या हातानं बाटायचं होतं, तो किल्ला त्यांनी पाहायचा सोडला नाही. आपण आज आपण होऊन पाठ फिरवली, तर त्या म्हाताऱ्याचं काम आपणच पुरं करतो.

आणि दुसरं. 'आम्हीच बांधलं म्हणून आमचं' हेही मला पुरतं पटत नाही. तसं म्हटलं तर बेड्या ठोकणाऱ्या लोहारानं बेड्यांचा अभिमान धरावा. गड हा दरारा बसवायचं यंत्र होता, आपल्यावरसुद्धा. पण हुकुमानं दगड वर चढतो, कमळाची पाकळी हुकुमानं वळत नाही. मुकादमाच्या शिव्या खात असतानाही रोलर नीट बसला की हाताला बरं वाटतं. ते बरं वाटणं मालकानं दिलेलं नसतं, त्याच्या हजेरीबुकात ते चढतही नाही. महाकाली दरवाजात मी वाहवा केली ती त्या वळलेल्या पाकळीची. फतहुल्लाची नाही, नरनाळसिंहाची नाही.

हे मी दोस्ताला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "याच बरं वाटन्यावर तर मालक आपल्याले राबवते!"

याला उत्तर देणं सोपं नाही. आम्ही आता अभ्यासिकेतल्या पोरांना नरनाळ्यावर न्यायचं ठरवलंय, आणि हातात द्यायला एक पान काढणार आहोत, याच स्टेन्सिलवर. पानाची पहिली ओळ अजून जमलेली नाही. त्याला पहिला शब्द 'वेठबिगार' हवा आहे, मला 'कारागीर'. दोघंही हटून बसलोय. पान निघायला आठ दिवस आहेत. तुम्हाला काय वाटतं ते संपादकांच्या पत्त्यावर लिहा.