नोंदवहीतील कवायत

जहाजावर भोंग्याचे सात किंवा अधिक आखूड आवाज व त्यांमागून एक लांब आवाज झाला, की प्रत्येकाने हातचे काम टाकून नेमलेल्या जागी हजर व्हायचे असते. प्रत्येक खलाशाने दरमहा निदान एकदा जहाज सोडण्याच्या व एकदा आग विझविण्याच्या कवायतीत भाग घ्यावा, जीवनौकेचे इंजिन दर आठवड्यास चालवून पाहावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आता अशी कल्पना करू. बंदरात दोन रात्री माल चढविण्यात गेल्या आहेत. माणसे थकली आहेत, महिना संपत आला आहे. अधिकारी म्हणतो, "कवायत झाली असे लिहून टाका. जीवनौका काल होती तेथेच आज आहे." ह्यात कोणाचे नुकसान झाले? आपणांपैकी पुष्कळांना वाटेल की, हे खोटे खरे, पण निरुपद्रवी आहे. उलट थकलेल्यांवर दयाच झाली.

आम्हांस तसे वाटत नाही. नियम करणाऱ्यांना अडचणी ठाऊक होत्या. ठरल्या वेळी पूर्ण कवायत होऊ शकली नाही, तर ती का झाली नाही व कितपत झाली हे नोंदवहीत लिहावे, असे त्याच नियमांत सांगितले आहे. म्हणजे खरे लिहिण्यास वाट ठेवलेली आहे. "आज झाली नाही" असे लिहिले, तर उद्या कोणी तरी आठवण करील. "झाली" असे लिहिले, की आठवण करण्याचे कारणच उरत नाही.

पण कागद खरा असला म्हणजे पुरे काय? १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज इटलीतील जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. ३२ माणसे प्राणास मुकली. त्याच दिवशी चिविताव्हेक्या बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. ती चढल्यापासून २४ तासांच्या आत घ्यावी, असा तेव्हाचा नियम होता. म्हणजे ह्या बाबतीत नियम मोडलेला नव्हता. परंतु संकटाने २४ तास वाट पाहिली नाही. पुढे नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावी लागते.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कवायत हे तपासनिसाचे देणे नव्हे. ते बरोबरच्या माणसाचे देणे आहे. तपासनीस सही पाहून बंदरातून घरी जातो. जहाजावर राहतो तो खलाशी, आणि त्याची वाट पाहणारे घर दूर गोव्यात किंवा कोकणात असते. रात्री धुरात लाइफजॅकेटचा पट्टा चाचपडणारा त्याचा हात आपल्या सहीवर विसंबलेला असतो.

आपण जहाजावर नसलो, तरी "झाले" असे लिहिण्याची वही आपल्याही हाती येते. सही करण्यापूर्वी एवढेच विचारू या: हिच्यावर कोण विसंबणार आहे?